गॅरेजमधलं शिसं

काउंटीच्या आरोग्य खात्याची बाई शनिवारी दहाला येणार होती आणि शुभाताईंनी शुक्रवारी दुपारपासूनच घर आवरायला घेतलं होतं. ती बाई घरात शिसं कुठे आहे ते शोधायला येतेय, घर नीटनेटकं आहे की नाही ते बघायला नव्हे, हे मोरेश्वररावांनी दोनदा सांगून पाहिलं. पण कोण कशासाठी येतंय यावर शुभाताईंचं आवरणं कधीच अवलंबून नव्हतं. पूर्वीच्या, हर्नडनच्या घरी सिंक तुंबलं होतं, तेव्हाही प्लंबर यायच्या आधी त्यांनी ते घासूनपुसून ठेवलं होतं.

झालं होतं ते असं. सोमवारी ऋताची, म्हणजे दोन वर्षांच्या नातीची, वाढदिवसानंतरची नेहमीची रक्ततपासणी झाली आणि तिच्या रक्तात शिसं निघालं. आकडा होता अकरा. मागच्या वर्षी तो एकच्याही खाली होता. साडेतीनच्या वर गेलं की डॉक्टरांची नर्स फोन करते; अकराला डॉक्टरीणबाईंनी स्वतः केला. मुलीच्या वागण्यात अजून काही फरक नाही, पण शिसं मेंदूला चांगलं नाही, कुठून येतंय ते शोधा आणि बंद करा, असं त्या म्हणाल्या.

शोधायचं काय, असं सगळ्यांच्या मनात आलं. मॉरिसव्हिलच्या त्या सबंध गल्लीत गॅरेजमध्ये शिसं वितळवणारा माणूस एकच होता.

मोरेश्वरराव चौतीस वर्षं मेटलर्जिस्ट, म्हणजे धातूंचे तज्ज्ञ, म्हणून नोकरी करून निवृत्त झाले, त्याला आता नऊ वर्षं झाली होती. निवृत्तीच्या पहिल्या हिवाळ्यात टायरच्या दुकानातल्या अर्ल नावाच्या म्हाताऱ्याने त्यांना आपल्या रायफल क्लबात नेलं, आणि ब्रिज, गोल्फ, मराठी मंडळाची नाटकसमिती या सगळ्यांतून निसटलेला हा माणूस तिथे अडकला. त्यांची रायफल त्यांच्यापेक्षा वयाने मोठी होती. शिकार त्यांनी कधी केली नाही, करणारही नव्हते. शंभर यार्डांवर लावलेल्या कागदाला भोक पाडायचं, मग दुर्बिणीतून ते भोक बघायचं, एवढाच तो खेळ. पण दुकानातलं एक काडतूस दीड डॉलरला पडतं म्हटल्यावर त्यांच्यातला कोकणस्थ जागा झाला. अर्लच्या दुकानातून चाकांचा तोल साधायला लावतात ती जुनी शिशाची वजनं आणायची, ती ड्राइव्हवेवर वितळवायची, मळी काढायची, थोडं कथील घालायचं म्हणजे साचा नीट भरतो, आणि गोळ्या ओतायच्या. पुंगळ्या पुन्हापुन्हा वापरायच्या, दारू बेताची घालायची. मग एक बार चहाच्या कपापेक्षा स्वस्तात पडतो. गोळी हळू जाते, खांद्याला दणका बसत नाही, आणि सत्तरीतला माणूस सकाळभर पन्नास-साठ बार काढून जेवायला घरी येतो.

शिसं काय चीज आहे हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. गॅरेजसाठी वेगळे बूट, वेगळा शर्ट, मास्क, हातमोजे, शिसं धुऊन काढणारा खास साबण, सगळं होतं. ते कपडे घरातल्या मशीनमध्ये कधी गेले नाहीत. दर सहा महिन्यांनी ते स्वतःचं रक्तही तपासून घेत. त्यांचा आकडा चार होता. आजोबांच्या रक्तात चार आणि नातीच्या रक्तात अकरा, हे गणित त्यांनी सोमवारपासून शंभरदा मांडलं होतं, आणि दरवेळी ते चुकतच होतं.

सोमवारीच त्यांनी मुलाला, ऋषीला, फोन करून सांगितलं होतं, की मी रायफल विकतो, गॅरेज रिकामं करतो. फोन स्पीकरवर होता. उत्तर सुनेने दिलं.

"बाबा, प्रश्न गॅरेजचा नाहीये, ट्रस्टचा आहे," निधी म्हणाली. "सोर्स सापडेपर्यंत ऋता डेकेअरला जाईल."

दीड वर्ष ऋता रोज सकाळी पावणेआठला त्यांच्या दारात उतरत होती आणि साडेपाचला परत जात होती. या आठवड्यात मंगळवारपासून चार दिवस पावणेआठ वाजले आणि कोणीच उतरलं नाही. शिवाय ऋषीला दूर फ्रिस्कोहून आलेली नोकरीची ऑफर, जी महिन्याभरापूर्वी नाकारल्यात जमा होती, ती आता 'विचार चालू आहे' या खात्यात परत गेली होती. मोरेश्वररावांना रायफलचं काही वाटत नव्हतं. ऋता आपल्या घरी येईनाशी होणार याची मात्र त्यांना भीती वाटत होती, आणि ही भीती त्यांनी शुभाताईंनाही सांगितली नव्हती, कारण त्याही तेवढ्याच घाबरल्या होत्या.

साडेनऊला सगळे जमले. ऋषी, निधी, आणि निधीच्या आई पद्मिनीताई. त्या सांगलीच्या, मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, जानेवारीत आलेल्या आणि येत्या मंगळवारी परत जाणाऱ्या. ऋषीची मोठी बहीण सावनी फ्रिस्कोहून आयपॅडवर हजर होती. सावनी घरातली डॉक्टर, म्हणजे दातांची, पण कुठल्याही अवयवावर मत द्यायला तिला कोणी हरकत घेत नसे. आयपॅड फळांच्या टोपलीला टेकवून ठेवला होता, त्यामुळे तिच्या हनुवटीपुढे कायम एक केळं दिसत होतं.

ऋता निधीच्या कडेवर होती. ती "आबा, आबा" करून खाली उतरायला बघत होती आणि निधी तिला उतरू देत नव्हती. सोफ्यावर बसतानाही निधीने आधी आपल्या घरून आणलेली चादर अंथरली. मोरेश्वरराव ते बघून खिडकीकडे वळले. आपल्याच घरच्या जमिनीला सून आपल्या मुलीचा पाय लागू देत नाही, हे त्यांना फार लागलं.

"मी एक विचारू का?" शुभाताई म्हणाल्या. "सगळे गॅरेजच्याच मागे लागलेत. हळदीचं काय?"

"कुठली हळद?" निधीने विचारलं.

"पद्मिनीताईंनी आणली ती. दोन किलो. रंग उठून दिसावा म्हणून हळदीत शिसं घालतात म्हणे. मी वाचलंय."

नऊ वर्षं शुभाताईंनी गॅरेजचा उल्लेख 'तुमचा तो कारखाना' असाच केला होता. त्या आज कारखान्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या पाहून मोरेश्वररावांना बरं वाटलं, आणि थोडी काळजीही वाटली.

"माझ्या चुलतभावाच्या शेतातली आहे ती," पद्मिनीताई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गात असावा तसा सपाट होता. "गिरणीत मी स्वतः उभी राहून दळून घेतली."

"गिरणीत आपल्या आधी कोणाचं काय दळलेलं असतं, ते आपल्याला कुठे माहीत असतं?"

"आई, प्लीज," ऋषी म्हणाला.

"मी कोणाला काही बोलले नाही. मी फक्त हळदीबद्दल बोलले."

"टेक्निकली आईचा पॉइंट व्हॅलिड आहे," आयपॅडमधून सावनी म्हणाली. "मीपण असं वाचलंय. आणि निधी, तू त्याच हळदीचं दूध देतेस ना तिला? सर्दी झाली की?"

निधी ते देत होती. तिने एकदा आईकडे बघितलं आणि मग बराच वेळ बघितलंच नाही. पद्मिनीताईंना ते समजलं असावं. त्यांनी पर्समधून रुमाल काढला, त्याची घडी नीट केली आणि परत पर्समध्ये ठेवला.

मिस टिंडल बरोबर दहाला आली. पन्नाशीची, उंच, बोलणं या भागातल्या लोकांचं असतं तसं सावकाश. तिच्या हातात पिस्तुलासारखं एक यंत्र होतं. ज्या वस्तूवर ते धरायचं तिच्यात कुठला धातू किती टक्के आहे ते त्याच्या पडद्यावर दिसतं, असं तिने समजावून सांगितलं. नोकरीत असताना मोरेश्वररावांनी असली यंत्रं वापरली होती, पण त्या काळी ती फ्रीजएवढी होती. तिने यंत्र टेबलावर ठेवलं तेव्हा त्याची नळी पद्मिनीताईंकडे होती. त्यांनी आपली खुर्ची हळूच बाजूला घेतली.

"आधी गॅरेज," मिस टिंडल म्हणाली.

गॅरेजमध्ये ती अर्धा तास होती. तिने भांडं बघितलं, साचे बघितले, शेल्फवर ओळीने लावलेले डबे बघितले. प्रत्येक डब्यावर तारीख, मिश्रण आणि कठिणपणा लिहिलेला होता. कठिणपणा कसा मोजता, असं तिने विचारलं. मोरेश्वररावांनी चित्रकलेच्या पेन्सिलींचा संच दाखवला. मऊ ते कडक अशा पेन्सिली एकामागून एक गोळीवर ओढायच्या, जी पहिल्यांदा ओरखडा काढेल तिच्यावरून कठिणपणा कळतो. प्रत्येक घाण्यातल्या पाच गोळ्या ते अशा तपासत.

"माझे आजोबाही गोळ्या ओतायचे," मिस टिंडल म्हणाली. "ते दाताने चावून बघायचे."

तिने यंत्र बाकावर धरलं. तिथे शिसं होतं, असणारच. मग उंबऱ्यावर धरलं, घरात जाणाऱ्या पायरीवर, दाराच्या मुठीवर, पायपुसण्यावर, त्यांच्या घरातल्या चपलांवर, गाडीच्या स्टिअरिंगवर. पुसून घेतलेले कागद पिशव्यांत घातले, पण यंत्राचा आकडा सगळीकडे शून्याच्या आसपासच राहिला. शेवटी तिने यंत्र खाली केलं.

"सर, मी अकरा वर्षं हे काम करतेय," ती म्हणाली. "मी यापेक्षा घाण दवाखाने पाहिलेत. तुमचं शिसं या दाराच्या आत येत नाहीये."

मोरेश्वररावांना फार आनंद झाला. नोकरीत चार वेळा बढती मिळाली होती. चारही मिळून एवढा आनंद झाला नव्हता. हॉलमध्ये मिस टिंडलने तेच वाक्य सगळ्यांसमोर पुन्हा म्हटलं. ऋषीने उठून वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. सावनी म्हणाली, "मी सांगत होते," जे खरं नव्हतं. निधी जागेवरून उठली.

"सॉरी, बाबा," ती म्हणाली. मग तिने ऋताला खाली ठेवलं.

ऋता तुरुतुरु धावत आली आणि आजोबांच्या गुडघ्याला लटकली. "आबा, सार," ती म्हणाली. हे तिचं नेहमीचं मागणं होतं. मोरेश्वररावांनी तिला उचललं आणि हुंगलं. चार दिवसांत तिच्या केसांना डेकेअरच्या साबणाचा वास लागला होता.

आता उरलं स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघरात उरली हळद. मिस टिंडलने सगळे मसाले एकेक करून पिशव्यांत भरले. यंत्राला पुडीतलं थोडंसं शिसं नीट कळत नाही, नमुने लॅबला जातील, दोन आठवडे लागतील, असं ती म्हणाली. दोन आठवडे म्हणजे पद्मिनीताई सांगलीला पोचून दहा दिवस झालेले असणार. शुभाताईंनी सगळ्यांना चहा दिला आणि पद्मिनीताईंना बिस्किटं जरा आग्रहाने दिली, जिंकलेल्या माणसाला तेवढं परवडतं.

"भांडी?" मिस टिंडलने यादी पुढे केली. "भारतातून आणलेली मातीची, पितळेची?"

"नो, नो. ओन्ली स्टील," शुभाताई म्हणाल्या.

"सोल्डर केलेलं, दुरुस्त केलेलं काही?"

"नथिंग."

मोरेश्वरराव तेव्हा ऋताला मांडीवर घेऊन तिच्या बुटाचा बंद लावत होते. तो त्यांनी लावला, सोडला आणि पुन्हा लावला.

पितळेची एक पातेली घरात होती. शुभाताईंच्या आईची, लहानशी, बुडाला काळी पडलेली. ऋता जेवायला लागली तेव्हापासून शुभाताईंच्या मनात होतं, की तिचं टोमॅटोचं सार त्या पातेलीत करायचं. पण आतली कल्हई उडाली होती, आणि कल्हई नसलेल्या पितळेत आंबट शिजवायचं नाही एवढं कोणालाही कळतं. मॉरिसव्हिलमध्ये कल्हईवाला कुठून आणायचा? मग मागच्या गणपतीआधी मोरेश्वररावांनीच ते काम अंगावर घेतलं. नवसागर ऑनलाइन मागवला, ड्राइव्हवेवर गॅसच्या शेगडीवर पातेली तापवली, आणि कथिलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने आतून अशी कल्हई केली की पातेलीत तोंड दिसायला लागलं. शुभाताई नऊ वर्षांत पहिल्यांदा म्हणाल्या, की तुमच्या कारखान्यातून एक कामाची गोष्ट बाहेर पडली. मोरेश्वररावांनी त्याचा व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर टाकला. कौतुकाचे एकसष्ट अंगठे आले. मंडळातल्या दोघींनी आपापली पातेली आणून दिली आणि त्यांनी तीही करून दिली.

हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच कोणाला आठवलं नाही. कल्हई म्हणजे कथील, आणि कल्हई असली की भांडं निर्धोक. ती पातेली काल शुभाताईंनी फ्रीजवरच्या कपाटात टाकली होती, कारण परक्या बाईसमोर ती काळी दिसली असती.

मोरेश्वररावांनी ऋताला खाली ठेवलं, एक मिनिटात आलो म्हणाले आणि गॅरेजमध्ये गेले.

कथिलाचा डबा खालच्या शेल्फवर होता. एका प्लंबरच्या विधवेने घरातलं सामान विकायला काढलं होतं, तिथून तो त्यांनी उचलला होता. डब्यावर पेन्सिलने 'टिन' लिहिलेलं होतं. त्यांनी ते कधी तपासलं नव्हतं, कारण ते गोळ्यांत जायचं होतं. गोळीत कथिलाऐवजी थोडं जास्त शिसं गेलं तर गोळीचं काही बिघडत नाही. आणि जेव्हा ती कांडी पातेलीसाठी उचलली, तेव्हा हात सवयीने त्याच डब्यात गेला.

त्यांनी उरलेली कांडी काढली. शुद्ध कथिलाची कांडी वाकवली की आतून कुरकुर आवाज येतो. हे कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिकवतात, आणि पोरं तासाला उगीच कांड्या वाकवत बसतात म्हणून मास्तर ओरडतात. मोरेश्वररावांनी कांडी कानाजवळ धरली आणि वाकवली. कांडी मुकाट्याने वाकली. त्यांनी ती उलटी वाकवली. काही आवाज नाही. ते प्लंबरचं, नळ जोडायचं सोल्डर होतं, निम्मं शिसं असलेलं, आणि त्याच्या कल्हईवर सात महिने रोज टोमॅटोचं सार उकळलं होतं.

ते स्टुलावर बसले. त्यांना पहिली गोष्ट सुचली ती अशी, की पातेली गुपचूप फेकून द्यावी. चीर गेली होती म्हणावं. महिन्याभरात ऋताचा आकडा उतरायला लागेल. हळद बंद झालेलीच आहे, तेव्हा हळदीमुळेच होतं असं सगळे धरून चालतील. लॅबमधून हळद चांगली निघाली तरी लॅबवर कोण विश्वास ठेवतो. ऋता सोमवारी पावणेआठला दारात उतरेल. हे सगळं आपल्याला एका दमात सुचलं, याची त्यांना मग फार लाज वाटली.

दार उघडंच होतं. आतून पद्मिनीताईंचं इंग्रजी ऐकू येत होतं, एकेक शब्द वेगळा करून बोललेलं.

"इफ इट इज माय टर्मरिक, यू प्लीज टेल मी ऑल्सो. आय विल बी इन इंडिया. प्लीज राइट माय ईमेल." आणि त्या एकेक अक्षर सांगू लागल्या. मिस टिंडल लिहून घेत होती.

आणि मंडळातल्या त्या दोन घरी आज दुपारी काय शिजत असेल? एका घरी जुळी होती. मोरेश्वरराव उठले.

"शुभा, पातेली कुठेय?" त्यांनी आत येऊन विचारलं.

"कुठली?"

"ऋताची."

"वर टाकलीय. आत्ता कशाला ती? अहो, स्टुलावर चढू नका, ऋषी काढेल."

पण ते चढले होते. त्यांनी पातेली काढली आणि मिस टिंडलसमोर ठेवली. "आतून बघा," ते म्हणाले.

तिने यंत्र पातेलीच्या आत धरलं. पडद्याकडे बघितलं, यंत्र काढून पुन्हा धरलं, आणि मग तिने आकडा न बोलता पडदाच त्यांच्याकडे वळवला. शिसं एकोणचाळीस टक्के होतं.

"ही कल्हई कोणी केली?" तिने विचारलं.

"मी."

मग त्यांनी सगळं सांगितलं, आधी इंग्रजीत तिला आणि मग, गरज नसताना, मराठीत घरच्यांना. डबा, पेन्सिलचं अक्षर, न वाजलेली कांडी. सांगताना त्यांचा आवाज बरा होता. हात त्यांनी खिशात घातले होते.

"बाबा," ऋषी म्हणाला, "यू आर अ मेटलर्जिस्ट."

"हो," मोरेश्वरराव म्हणाले.

"गोळ्यांची टेस्ट करता. प्रत्येक घाण्याची. पेन्सिलने."

"हो."

निधीने जाऊन ऋताला जमिनीवरून उचललं. शुभाताई खुर्चीवर बसल्या आणि पातेलीकडे बघत राहिल्या. "रोज मीच केलं," त्या म्हणाल्या. "रोज हाताने भरवलं. आणखी हवं म्हणाली की आणखी वाढलं."

"तू केलंस ते मी केलेल्या कल्हईवर केलंस," मोरेश्वरराव म्हणाले. "तुझं काही चुकलं नाही, शुभा."

शुभाताई रडल्या. चाळीस वर्षांत त्या अशा सगळ्यांसमोर कधी रडल्या नव्हत्या.

"आणखी कोणाची भांडी केलीत?" मिस टिंडलने विचारलं.

"दोघींची."

"त्यांना आत्ता फोन करा. मी थांबते."

मोरेश्वररावांनी तिथेच, सगळ्यांच्या देखत, दोन्ही फोन केले. पहिल्या बाईने पातेलं शोकेसमध्ये ठेवलं होतं, वापरलंच नव्हतं. दुसरीने आठवड्यातून एकदा कढी केली होती. तिने सगळं ऐकून घेतलं, मुलांना सोमवारी तपासायला नेते म्हणाली, आणि थँक यू म्हणून फोन ठेवला. तो थँक यू त्यांना रागावण्यापेक्षा जड गेला.

मिस टिंडलने पातेली पिशवीत घातली, कागदावर सह्या घेतल्या. सोर्स बंद झाल्यावर लहान मुलांचा आकडा उतरतो, महिन्याने पुन्हा तपासा, लोह आणि दूध भरपूर द्या, असं निधीला सांगितलं. गॅरेजला खात्याची हरकत नाही. दारात ती क्षणभर थांबली. "स्वयंपाकघरापासून मात्र यांना लांब ठेवा," ती म्हणाली. ती थट्टा करत होती की सूचना देत होती, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना.

गाडी गेल्याचा आवाज आला. निधीने आपली चादर घडी करून पिशवीत भरली.

"आम्ही निघतो," ती म्हणाली. "बाबा, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. पण मला आत्ता काही सुचत नाहीये. ऋता डेकेअरलाच जाईल. पुढचं नंतर बघू. फ्रिस्कोचंही."

"बरोबर आहे," मोरेश्वरराव म्हणाले. ते खरोखरच बरोबर होतं, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती. ऋता आईच्या खांद्यावरून त्यांच्याकडे बघत होती. तिला तिचं सार मिळालं नव्हतं आणि का मिळालं नाही ते तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"निधी, बस," पद्मिनीताई म्हणाल्या.

निधी उभीच राहिली, पण थांबली.

"पस्तीस वर्षं शाळेत काढली मी. काच कोणी फोडली ते मला नेहमी आधीच कळायचं. पण स्वतः येऊन सांगणारी वर्षातून एखादीच. तिला मी घरी पाठवत नव्हते." त्यांनी मोरेश्वररावांकडे बघितलं. "काचेजवळ परत एकटी सोडतही नव्हते."

"म्हणजे काय, मम्मी?"

"माझं मंगळवारचं तिकीट बदल. सहा महिन्यांचा मुक्काम मिळालाय, तीनच झालेत. ऋता पूर्वीसारखी रोज इथे येईल. तिचा स्वयंपाक मी करीन. तुझ्या घरून रोज ये-जा मला जमणार नाही, तेव्हा मी इथेच राहायला येते. वरची खोली रिकामी आहे ना, शुभाताई?"

मुलीच्या सासरी तीन महिने राहायचं, ही गोष्ट पद्मिनीताईंच्या घरात कोणी ऐकलीसुद्धा नसेल. निधी आईकडे बघतच राहिली. आज सकाळपासून तिने आईकडे नीट बघितलं नव्हतं, ते बहुधा तिलाही आठवलं असावं.

"एक महिना," निधी शेवटी म्हणाली. "टेस्ट होईपर्यंत. मम्मी असेल तरच. आणि आकडा उतरला नाही तर..."

"तर नाही," मोरेश्वरराव म्हणाले.

आता सगळे शुभाताईंकडे बघत होते. घर त्यांचं होतं, ओटा त्यांचा होता, आणि दोन तासांपूर्वी ज्या बाईला त्यांनी सगळ्यांसमोर आरोपी केलं होतं, ती आता त्या ओट्याशी महिनाभर उभी राहणार होती. मोरेश्वररावांना बायकोचा चेहरा चांगला वाचता येत असे. आत्ता मात्र त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, आणि सोमवारी पावणेआठला दारात कोणी उतरणार की नाही ते आता सगळं त्या चेहऱ्यावर होतं.

शुभाताईंनी पदराने डोळे पुसले.

"पद्मिनीताई," त्या म्हणाल्या, "सकाळी चहा किती वाजता लागतो तुम्हाला?"

"पाचला."

शुभाताई साडेसातच्या आधी कधी उठत नसत.

"ठेवीन," त्या म्हणाल्या.